पेशवे दफ्तर खुले करणारे रियासतकार सरदेसाई

गोविंद सखाराम सरदेसाई हे नाव मराठी वाचकांना रियासतकार म्हणून परिचित आहे. मुसलमानी रियासत, मराठी रियासत आणि ब्रिटिश रियासत या ग्रंथमालेने मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांना भारताच्या मध्ययुगीन आणि अर्वाचीन इतिहासाचा परिचय करून दिला. मात्र ९४ वर्षांच्या त्यांच्या दीर्घ आयुष्यातील आणखी एक कामगिरी तितकीच मोलाची असूनही तुलनेने कमी सांगितली जाते. १९२९ ते १९३३ या काळात त्यांनी पुण्याच्या सरकारी दफ्तरखान्यातील पेशवेकालीन कागदपत्रांची तपासणी केली आणि त्यांतील निवडक कागद ४५ खंडांतून प्रसिद्ध केले. जवळजवळ एक शतकभर सरकारने केवळ स्वतःच्या महसुली कामासाठी सांभाळलेले हे दफ्तर त्यामुळे प्रथमच मोठ्या प्रमाणावर अभ्यासकांसमोर आले.

कोकणातून बडोद्याला

सरदेसाई यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या गावी एका सामान्य कुटुंबात झाला. रत्नागिरी येथे शालेय शिक्षण घेतल्यानंतर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे उच्च शिक्षण झाले. १८८८ मध्ये ते बी.ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्या काळी पदवीधर तरुणापुढे सरकारी नोकरी, वकिली किंवा शिक्षकी हे मार्ग असत. सरदेसाई यांनी मात्र संस्थानी नोकरीचा मार्ग स्वीकारला. १८८९ मध्ये ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत रुजू झाले.

महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे हे त्यांचे सुरुवातीचे काम होते. पुढे राजपुत्रांच्या शिक्षणाची आणि खासगी खात्याच्या हिशेबाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. महाराजांसोबत त्यांनी युरोपचा प्रवासही केला. मॅकियाव्हेली यांचा राजनीतीवरील ग्रंथ आणि सीली यांचा इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथ त्यांनी याच काळात मराठीत आणला. राजपुत्रांना इतिहास शिकवताना मराठीत सलग आणि विश्वसनीय ग्रंथ उपलब्ध नाहीत, ही उणीव त्यांना जाणवली. अध्यापनासाठी काढलेल्या टिपणांतूनच रियासतीचा जन्म झाला. मुसलमानी रियासत १८९८ मध्ये, तर मराठी रियासतीचा पहिला भाग १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

बडोद्यातील नोकरीने त्यांना आणखी एक शिस्त दिली. खासगी खात्याचा हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याला कागद कोणत्या खात्यातून आला, तो कोणी लिहिला, त्याची नोंद कोठे झाली आणि मूळ प्रत कोठे ठेवली आहे, हे पाहावेच लागते. इतिहासाच्या कागदांकडे पाहतानाही हीच दृष्टी त्यांच्या उपयोगी पडली.

दफ्तराची पूर्वपीठिका

पेशवे दफ्तर या नावाने आज ओळखला जाणारा संग्रह मुळात इतिहास जतन करण्यासाठी निर्माण झालेला नव्हता. पेशव्यांच्या काळी पुण्यात हुजूर दफ्तर नावाची मध्यवर्ती कचेरी होती. राज्याचा जमाखर्च, गावोगावचा वसूल, सरंजाम, इनामे, वतने, फौजेचा खर्च आणि अधिकाऱ्यांच्या नेमणुका यांची नोंद तेथे ठेवली जात असे. या कचेरीत दोनशेच्या आसपास कारकून काम करत असल्याचे सांगितले जाते. दररोजच्या आज्ञा आणि व्यवहार रोजकीर्दीत लिहिले जात आणि त्यावरून पुढे विषयवार खतावणी केली जात असे. नाना फडणीस यांच्या कारकिर्दीत ही व्यवस्था विशेष काटेकोर होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मात्र तिच्याकडे दुर्लक्ष झाले आणि बरेच कागद विखुरले गेले.

१८१८ मध्ये मराठी सत्तेचा अस्त झाल्यानंतर हे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात आले. दख्खनचे कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना या कागदांचे महत्त्व तत्काळ उमगले. कोणत्या गावाचा वसूल किती आणि कोणाची जमीन करमुक्त, हे समजल्याशिवाय नव्या सरकारला कारभार करणे शक्य नव्हते. त्यामुळे दफ्तर एकत्र करून लावण्याचे काम लगेच हाती घेण्यात आले. पुढे १९व्या शतकाच्या मध्यास इनाम कमिशनची चौकशी सुरू झाली. इनामदारांच्या हक्कांची सत्यता तपासण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आणि खासगी घराण्यांकडून आणखी कागद जमा करण्यात आले. या कमिशनने अनेकांची इनामे खालसा केली. त्यामुळे ज्या कागदांच्या आधारे घराण्यांचे उत्पन्न टिकले किंवा बुडाले, तेच कागद सरकारच्या कोठारात येऊन पडले.

हा सर्व संग्रह पुण्यातील एलिएनेशन ऑफिसच्या, म्हणजे इनाम जमिनींचे काम पाहणाऱ्या कचेरीच्या ताब्यात राहिला. शाहू दफ्तर, रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, पथके, चिटणिशी, जमाव असे त्याचे विभाग होते. कागदांचे गठ्ठे चौकोनी कापडात बांधून ठेवत. या गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. संग्रहात अशा रुमालांची संख्या सुमारे ३५ हजार होती आणि त्यांपैकी २७ हजारांहून अधिक रुमाल मराठी कागदांचे होते.

बंद दरवाजा

१९व्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात इतिहाससंशोधनाची मोठी लाट आली. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुन्या घराण्यांकडील कागद मिळवले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याचा पत्रव्यवहार छापला. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी मेणवलीचे दफ्तर प्रकाशात आणले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. मात्र सर्वांत मोठा संग्रह याच पुणे शहरात, सरकारी इमारतीत, अभ्यासकांना जवळजवळ बंद होता.

यामागे सरकारचे स्वतःचे कारण होते. हे कागद जमिनीच्या हक्काचे पुरावे होते. ते बाहेर आल्यास जुन्या इनामांवर नवे दावे दाखल होतील, अशी धास्ती महसूल खात्याला वाटत असे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशव्यांच्या रोजकीर्दीचे महत्त्व जाणून त्यावर विवेचन केले होते. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजकीर्दीतून केलेली निवड २०व्या शतकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली. या अपवादांमुळे संग्रहात काय दडले आहे याची कल्पना आली, परंतु दरवाजा पूर्ण उघडला नाही.

सरदेसाई यांच्या रियासतीवरही या बंदीची छाया होती. पहिल्या आवृत्त्या त्यांना मुख्यतः छापील साधनांच्या आधारे लिहाव्या लागल्या. पेशव्यांच्या घरचा कागद न पाहता पेशव्यांचा इतिहास लिहावा लागतो, ही त्यांच्या कामातील मोठी उणीव होती आणि तिची जाणीव त्यांना होती.

यदुनाथ सरकार यांची साथ

सरदेसाई यांच्या आयुष्यात बंगालमधील इतिहासकार यदुनाथ सरकार यांच्या मैत्रीला विशेष स्थान आहे. १९०४ मध्ये दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. सरकार यांना मोगल काळासाठी मराठी साधने हवी होती, तर सरदेसाई यांना फारसी साधनांचा आधार हवा होता. एकाने फारसी कागदांतील माहिती पुरवावी आणि दुसऱ्याने मराठी पत्रांचा अर्थ उलगडून द्यावा, असा हा व्यवहार अर्धशतकाहून अधिक काळ चालला. दोघांनी मिळून प्रवास केले आणि ऐतिहासिक रणभूमी प्रत्यक्ष पाहिल्या.

१९१९ मध्ये भारत सरकारने भारतीय ऐतिहासिक अभिलेख आयोगाची स्थापना केली. सरकारी कागदपत्रांचे जतन आणि अभ्यासकांना त्यांची उपलब्धता या प्रश्नांवर सल्ला देणे हे त्याचे काम होते. यदुनाथ सरकार या आयोगाच्या कामात आरंभापासून अग्रभागी होते. पेशवे दफ्तर खुले करावे, हा आग्रह त्यांनी सातत्याने धरला.

१९२५ मध्ये सरदेसाई बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाले आणि पुणे-मुंबई लोहमार्गावरील कामशेत येथे इंद्रायणीच्या खोऱ्यात स्थायिक झाले. कौटुंबिक दुःख त्यांच्या वाट्याला मोठे आले. शांतिनिकेतनात शिकलेले पुत्र श्यामकांत आणि दुसरे पुत्र, असे दोघेही वडिलांच्या हयातीतच गेले. श्यामकांत यांची पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. निवृत्ती आणि अपत्यवियोग यांनंतर एखाद्याने लेखन थांबवले असते तर ते स्वाभाविक मानले गेले असते. सरदेसाई यांचे सर्वांत कष्टाचे काम मात्र त्यानंतरच सुरू झाले.

चार वर्षांचे काम

मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स यांच्या कारकिर्दीत, १९२९ मध्ये, मुंबई सरकारने दफ्तराची तपासणी करून निवडक कागद प्रसिद्ध करण्याचा निर्णय घेतला. ही जबाबदारी सरदेसाई यांच्याकडे सोपवण्यात आली. त्या वेळी ते ६४ वर्षांचे होते. मोडी वाचणाऱ्या सहायकांची एक छोटी तुकडी त्यांच्या हाताखाली देण्यात आली. यदुनाथ सरकार यांचे मार्गदर्शनही त्यांना लाभले. मुदत आणि खर्च दोन्ही मर्यादित होते.

कामाचे स्वरूप समजून घेतल्यास त्यातील अडचण ध्यानात येते. संग्रहाचा फार मोठा भाग हिशेबाचा होता. राजकीय पत्रे त्यात एका ठिकाणी ठेवलेली नव्हती. ती जमाखर्चाच्या ताळेबंदांत, मुलकी कागदांत आणि सुट्या चिठ्ठ्यांत विखुरलेली होती. एखाद्या लढाईची हकिगत धान्याच्या हिशेबाशेजारी सापडावी, अशी स्थिती होती. त्यामुळे रुमाल सोडणे, कागद उलगडणे, वाचणे, उपयुक्त कागद बाजूला काढणे आणि रुमाल पुन्हा बांधून जागेवर ठेवणे, हा क्रम हजारो वेळा करावा लागला.

मोडी लिपी बोरूने आणि हात न उचलता लिहिली जात असे. दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. प्रत्येक कारकुनाचे वळण वेगळे असे. त्याहून बिकट प्रश्न तारखेचा होता. अनेक पत्रांत मुसलमानी महिन्याचा केवळ चंद्र दिलेला असतो, वर्षाचा उल्लेख नसतो. पत्र लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष ठाऊक असल्यामुळे ते लिहिण्याची गरज वाटत नसे. दीडशे वर्षांनंतर मात्र पत्रातील व्यक्ती, मुक्काम आणि प्रसंग पाहूनच वर्ष ठरवावे लागे. सरकारी कागदांत सुहूर सन असे आणि तोही अरबी संख्यावाचक शब्दांत. उदाहरणार्थ, इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे सुहूर सन ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होत असल्याने ते इसवी सन १७६० च्या मध्यापासून १७६१ च्या मध्यापर्यंत चालते. पानिपतचे युद्ध याच वर्षातील आहे.

निवडलेले कागद मोडीतून बाळबोध लिपीत उतरवण्यात आले, विषयवार लावण्यात आले आणि प्रत्येक पत्राला इंग्रजीत थोडक्यात सारांश देण्यात आला. मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकालाही कोणते पत्र आपल्या उपयोगाचे आहे, हे त्यामुळे समजू लागले. १९३० ते १९३४ या काळात मुंबई सरकारच्या मुद्रणालयातून ४५ खंड बाहेर पडले. त्यांत आठ हजारांहून अधिक कागद आहेत. पानिपत प्रकरण, वसईची मोहीम, निजामाशी झालेले संघर्ष, उत्तर हिंदुस्थानातील राजकारण यांबरोबरच शाहू महाराज आणि पेशवे यांच्या घरगुती जीवनासंबंधीचे कागदही त्यांत समाविष्ट झाले.

या खंडांबरोबर सरदेसाई यांनी आणखी एक काम पूर्ण केले. संपूर्ण संग्रहात काय आहे, त्याचे विभाग कोणते आणि प्रत्येकात कोणत्या प्रकारचे कागद मिळतात, याची माहिती देणारी इंग्रजी मार्गदर्शिका १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. छापलेले खंड संग्रहाचा अल्पसा अंश दाखवतात, तर ही मार्गदर्शिका उरलेल्या संग्रहाकडे जाण्याची वाट दाखवते. अभिलेखांच्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निवडीच्या खंडांपेक्षा कमी मानता येणार नाही.

टीका आणि मर्यादा

या कामाचे सर्वत्र स्वागतच झाले असे नाही. दफ्तर सर्व संशोधकांना खुले करण्याऐवजी एका व्यक्तीकडे निवडीचे काम सोपवण्यात आले, याबद्दल पुण्यातील काही अभ्यासकांनी नाराजी व्यक्त केली. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्तुळातून आणि सरदेसाई-सरकार या जोडीकडून परस्परांच्या पद्धतीवर टीका होत राहिली. काही पत्रांच्या तारखा चुकीच्या लावल्या गेल्याचे पुढील अभ्यासकांनी दाखवून दिले. घाईची किंमत काही ठिकाणी मोजावी लागली, हे नाकारता येत नाही.

याहून मूलभूत मर्यादा निवडीचीच होती. सरदेसाई यांच्या पिढीसाठी इतिहास म्हणजे प्रामुख्याने राज्ये, मोहिमा आणि मुत्सद्दी. त्यामुळे राजकीय पत्रांना अग्रक्रम मिळाला आणि गावांचे हिशेब, वसुलाचे तक्ते, वतनाचे तंटे रुमालांतच राहिले. पुढील काळात शेती, बाजार, जाती आणि ग्रामव्यवस्था यांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा संशोधकांना नेमक्या याच कागदांची गरज भासली. अमेरिकेतील इतिहासकार स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी माळव्यातील मराठी अंमलाचा अभ्यास करताना या दफ्तरातील महसुली कागदांचा आधार घेतला. एका पिढीने बाजूला ठेवलेला कागद दुसऱ्या पिढीने उचलला. मूळ संग्रह जागेवर आणि आपल्या क्रमाने राहिल्यामुळेच हे शक्य झाले.

अखेरची वर्षे

४५ खंड पूर्ण झाल्यावरही सरदेसाई थांबले नाहीत. पुणे येथील इंग्रज वकिलातीचा पत्रव्यवहार त्यांनी यदुनाथ सरकार यांच्यासमवेत १५ खंडांत संपादित केला. त्याचे पहिले खंड १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. सीतामऊ संस्थानचे महाराजकुमार रघुवीर सिंह यांनीही या मालेतील काही खंडांचे संपादन केले. ग्वाल्हेरच्या संग्रहातील महादजी शिंदे यांच्यासंबंधीचे कागदही सरदेसाई यांनी संपादित केले.

नव्याने हाती आलेल्या साधनांच्या प्रकाशात स्वतःचेच जुने लेखन तपासून पाहण्याची त्यांची तयारी होती. मराठ्यांचा नवा इतिहास हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४६ ते १९४८ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. माझी संसारयात्रा हे आत्मचरित्र १९५६ मध्ये आले आणि १९५७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवले. मे १९५८ मध्ये यदुनाथ सरकार यांचे निधन झाले. त्यानंतर दीड वर्षाने, २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, सरदेसाई यांनी कामशेत येथे अखेरचा श्वास घेतला.

दफ्तर आणि कायदा

स्वातंत्र्यानंतर पेशवे दफ्तर राज्याच्या पुराभिलेख विभागाकडे आले आणि पुणे पुरालेखागाराचा मुख्य भाग बनले. सरदेसाई यांच्या काळी कागद दाखवावा की नाही, हा सरकारच्या मर्जीचा प्रश्न होता. स्वतंत्र भारतात त्याला कायद्याचे स्वरूप मिळाले. संसदेने संमत केलेल्या १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार केंद्र सरकारच्या प्रत्येक अभिलेख निर्माण करणाऱ्या कार्यालयाने आपला अभिलेख अधिकारी नेमणे आवश्यक आहे. विहित पद्धती सोडून अभिलेख नष्ट करता येत नाहीत. १८९२ पूर्वीचा अभिलेख तर अत्यंत जीर्ण होऊन निरुपयोगी ठरल्याखेरीज नष्ट करण्यास मनाई आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवलेले, ३० वर्षांहून जुने आणि गोपनीय नसलेले अभिलेख अभ्यासकांना पाहता येतात. महाराष्ट्रानेही २००५ चा स्वतंत्र सार्वजनिक अभिलेख कायदा केला आहे.

पुण्यातील रुमालांमधील कागदांची संख्या कोटींच्या घरात मोजली जाते आणि त्यांतील बहुसंख्य कागद अद्याप छापले गेलेले नाहीत. ते वाचण्यासाठी मोडी जाणणारे हात लागतात आणि असे हात आज थोडे आहेत. वयाच्या ६४व्या वर्षी हाती आलेला पहिला रुमाल सोडताना सरदेसाई यांच्यापुढे जे काम होते, त्याचा मोठा भाग अजून शिल्लक आहे. फरक इतकाच, की त्या दाराशी आता अभ्यासकाला गव्हर्नरच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.